बेचाळीस नंबरचा पट्टा

गुरुवारी सकाळी सव्वाअकराला लालबागच्या शेडमध्ये टांगलेला एक पट्टा तुटला. आवाज मोठा नव्हता. जाड वही टेबलावर पडावी, तेवढाच. पट्ट्याला लटकवलेली वजनं खालच्या वाळूच्या पेटीत पडली. शेडमधल्या अकरा माणसांपैकी दोघांनीच मान वळवली. एक शंतनु, चाचण्यांचा प्रमुख. दुसरी मालन, दोन नंबरच्या साच्यावर, म्हणजे मागावर, विणणारी.

शंतनुने तुटलेलं टोक पाहिलं आणि वेळ लिहून घेतली. हा पट्टा नव्वद दिवस वजन धरेल असा हिशेब होता. हा एकसष्टावा दिवस होता. पकडीच्या धारेने कापला असणार, असं तो म्हणाला, पकड बदलायला सांगितली आणि फोन कानाला लावून निघून गेला. त्याचं लक्ष दुसऱ्या दिवसावर होतं. शुक्रवारी अकरा वाजता फुग्यात पहिल्यांदा माणसं बसणार होती.

फुगा हे नाव विणणाऱ्या बायकांनी ठेवलेलं. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं. एक परदेशी कंपनी पृथ्वीभोवती फिरणारं हॉटेल उभारणार होती. पाहुण्यांनी सहा दिवस राहायचं, खिडकीतून खाली समुद्र बघायचे आणि परत यायचं. तिथल्या खोल्या घडी घालून रॉकेटमधून न्यायच्या आणि वर पोचल्यावर हवा भरून फुगवायच्या. त्यातल्या एका खोलीची पूर्ण मापाची नक्कल लालबागमधल्या बंद गिरणीच्या आवारात उभी होती, दीड मजला उंच. आत हवा धरणारी रबरी पिशवी, तिच्यावर शहाण्णव पट्ट्यांचं जाळं, त्याच्यावर जाड पांघरूण. हवा पिशवीत राहायची, पण पिशवीला फुटू द्यायचे नाहीत ते पट्टे. ही नक्कल टिकली तर खऱ्या खोल्यांचं काम इथेच मिळणार होतं.

डिसेंबरात फुगा रिकामा ठेवून पूर्ण दाबाने भरला होता. अर्धा तास तो ठीक राहिला. आता त्याच दाबात दोन माणसांना तीन तास बसायचं होतं. पाणबुड्यांना तपासणाऱ्या एका डॉक्टरने तीन तासांची मर्यादा ठरवून दिली होती. दाराशी लावलेल्या कागदावर दोन नावं होती. उजवी खुर्ची अनिश. डावी खुर्ची अपेक्षा. दोघंही शंतनुच्या हाताखाली चाचण्यांवर काम करायची.

अपेक्षा मालनची मुलगी. वय सत्तावीस. तिनेच आईला या कामावर लावलं होतं आणि डाव्या खुर्चीसाठी शंतनुकडे तीनदा अर्ज केला होता.

शेड जेवायच्या सुट्टीसाठी रिकामी व्हायला लागली तेव्हा मालनने भंगाराच्या खोक्यातून तुटलेला पट्टा उचलला. चार बोटं रुंद, पांढरा, दोनशे चाळीस तारांचा, म्हणजे धाग्यांचा. तिने टोक उजेडात धरलं, मग डोळे मिटून अंगठा फिरवला. पकडीपासून टोक चांगलं वीतभर लांब होतं. पकडीने कापायचा प्रश्नच नव्हता. तुटल्या जागी अंगठ्याला काहीतरी टोचलं. तांदळाच्या कणीहून बारीक. एक, मग दुसरी. तिने पाच मोजल्या.

गाठी होत्या. गिरणीतल्या साचेवाल्याची गाठ, दोन टोकं एकमेकांत फिरवून ओढलेली. पट्ट्यावरची चिठ्ठी सांगत होती, साचा चार. म्हणजे दर्शनाचा, चौघी विणणाऱ्यांपैकी एकीचा.

भिंतीवर नियमांचा तक्ता होता. त्यातला पहिला नियम असा, की विणताना एक जरी तार तुटली तरी साचा थांबवायचा, लाल चिठ्ठी लावायची आणि अख्खा पट्टा बाद करायचा. चौघी बायकांना तो वाचून दाखवला होता आणि चौघींनी माना डोलावल्या होत्या. पण त्यांना विणायला शिकवलं ते तक्त्याने नाही. शिकवलं गणपतने, मालनच्या सासऱ्याने. शंतनुच्या कंपनीने खाटेची नवार विणणारे चार जुने साचे कुठूनसे मिळवले होते आणि ते हाताळणारा माणूस शोधत होती. गणपतने संपाच्या आधी वीस वर्षं परळच्या गिरणीत साचे चालवले होते. एकोणऐंशीव्या वर्षी त्याला तीन महिने पुन्हा काम मिळालं. त्याने शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे तार तुटली तर आठ सेकंदांत सांधायची. साचा गप्प झाला की अख्ख्या खात्याला कळतं कोण कच्चा ते. चौघींपैकी कुणाची गाठ दिसली की तो म्हणायचा, "गाठ दिसली तर तो साचेवालो कसलो?"

मालनला स्वतःची गाठ आठवत होती. गणपतीच्या आदल्या दिवशी, चारच्या सुमारास. सगळ्यांना गावी निघायचं होतं. तार तुटली, साचा थांबला आणि तिला नियम आठवेपर्यंत तिच्या बोटांनी तार सांधून टोकं कातरलीसुद्धा होती. साचा पुन्हा चालू झाला होता. तिने तेव्हा कुणाला सांगितलं नाही. डिसेंबरात फुगा अर्धा तास टिकला, त्या रात्री तिला चांगली झोप लागली होती.

आता तिच्या हातात पाच गाठी होत्या आणि त्यातली एकही तिची नव्हती.

दर्शना बाहेर कट्ट्यावर डबा खात होती. मालनने पट्टा पुढे केला. दर्शनाने तो पाहिला आणि पोळीचा घास घेतला. आता तू मला तपासणार का, असं तिने विचारलं. मालनने किती गाठी मारल्या असतील ते विचारलं, तेव्हा ती हसली.

"मोजतं कोण? सांधायला तुझ्या सासऱ्यानेच शिकवलं ना? आणि तू काय कमी मारल्या असशील? रफूवाली तू. तुझी गाठ देवाला दिसायची नाय. आमच्या मेल्या जाड्या, म्हणून सापडल्या."

मालनने दादरच्या एका दुकानात अठरा वर्षं रफूचं काम केलं होतं. शालू, सुटाचे कोट, पैठण्यांचे पदर. शेडमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं.

उरलेल्या दोघी विणणाऱ्या, सुंदराबाई आणि सुचित्रा, शेजारीच बसल्या होत्या. नंतर सुंदराबाईंनी हळूच सांगितलं, त्यांच्याही असतील. दहा असतील. जास्तही असतील. सुचित्राने डबा बंद केला. उद्या आत कोण बसणार हे चौघींनाही ठाऊक होतं. हे बोललं तर काम जाईल हेही ठाऊक होतं. दर्शनाने पट्टा गुंडाळून मालनच्या पिशवीत कोंबला आणि म्हणाली, तूच ठरव, मुलगी तुझी आहे.

दुपारभर मालन साच्यावर होती. तार एकदाही तुटली नाही. तिची उजव्या हाताची बोटं मात्र आपोआप एकमेकांवर फिरत राहिली. मग तिने तो हात मांडीखाली दाबून ठेवला.

वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी झालेल्या इमारतीत त्यांना पंधराव्या मजल्यावर घर मिळालं होतं. गणपत खिडकीपाशी बसत नसे. त्याची खुर्ची आतल्या भिंतीला टेकलेली असायची. कंपनीतून आणलेलं त्याच पांढऱ्या सुताचं एक रीळ त्याच्याकडे होतं आणि वेळ जात नसला की तो गाठी मारत बसायचा. मालन घरी आली तेव्हाही त्याचं तेच चाललं होतं. तिने पट्टा त्याच्या मांडीवर ठेवला आणि विचारलं, ही गाठ किती दिवस धरते.

त्याने टोकावरून बोट फिरवलं. ही दर्शनाची, हे तिने न सांगता त्याने ओळखलं. मग तो म्हणाला, "कापसाची गाठ एकमेकांक चावता. ह्या सूत चावणा नाय, सरकता. म्हणान मी दोन येळा बांधूक सांगलेलंय."

"सरकायला किती वेळ लागतो, बाबा?"

ते त्याला माहीत नव्हतं. हळूहळू सरकणार. आज नाही, उद्याही नाही. भार तसाच राहिला तर कधीतरी. आणि गाठ शेजारच्या तारांना घासत राहणार. त्याच्या बोलण्यात अपराधीपणा नव्हता. उलट गाठ एवढी जाड झाली याचाच त्याला राग आला होता. उद्या आत अपेक्षा बसणार आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मालनने सांगितलं. त्याच्या हातातलं रीळ खाली पडून पलंगाखाली गेलं. ते त्याने उचललं नाही.

अपेक्षा पावणेआठला आली. तिने चपला काढायच्या आधीच मालनने सगळं सांगून टाकलं. मध्ये थांबली असती तर पुढचं बोलता आलं नसतं. अपेक्षाने ऐकून घेतलं, हात धुतले, टॉवेल जागेवर लावला आणि मग एकच शब्द विचारला.

"किती?"

"माझी एक. बाकीच्यांचं सांगता येत नाही."

"एक नक्की?"

"नक्की. गणपतीच्या आदल्या दिवशीची."

अपेक्षाने आईला दोष दिला नाही. मालनला तेच जास्त जड गेलं. अपेक्षा गॅलरीत जाऊन शंतनुशी वीस मिनिटं बोलली. काचेतून तिची पाठ दिसत होती आणि तिच्यापलीकडे पंधरा मजले खोल काळोख. परत आल्यावर तिने सांगितलं की शंतनुसर आधी चिडले, मग हिशेब सांगायला लागले. एक तार गेली तर काही होत नाही, पट्ट्यात भाराहून थोडी जास्त ताकद ठेवलेली असते. पण एकाच जागी पाच-सहा सुटल्या की सगळा भार शेजारच्या घासलेल्या तारांवर येतो, म्हणून एका जागी किती गाठी आहेत ते कळायला हवं. पांघरूण दोरीने आवळलेलं आहे, ते सकाळी सातला सोडतील. यंत्राने गाठी शोधायच्या तर पट्टे उतरवावे लागतील, म्हणजे दीड महिना. म्हणून बोटांनी चाचपायला आजोबांना घेऊन ये म्हणालेत.

"आणि तू बसणार?" मालनने विचारलं.

ते उद्या ठरेल, असं अपेक्षा म्हणाली आणि ताट वाढून घेतलं.

शुक्रवारी सात वाजता पांघरूण उतरलं. पट्टे जरा ताठ व्हावेत इतकीच हवा फुग्यात भरली होती. गणपतने चपला काढल्या, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि डोळे मिटून पहिल्या पट्ट्यावर अंगठा टेकवला. उंचावरच्या पट्ट्यांसाठी चाकांची शिडी होती. अनिश ती ढकलायचा आणि अपेक्षा म्हाताऱ्याला कमरेला धरून उभी राहायची. अंगठा थांबला की ती त्या जागी लाल दोरा बांधायची. चौघी बायका भिंतीजवळच्या बाकावर बसून होत्या. सहाव्या पट्ट्याला तिसरा दोरा बांधला गेला, तेव्हा सुचित्राने पदर तोंडावर घेतला. अनिश खालून म्हणाला, आजोबा, माझ्या डोक्यावरचे पट्टे जरा नीट बघा, लग्न व्हायचंय. कुणी हसलं नाही. मग त्याने शिडी पुढे ढकलली.

शंतनु वह्या तपासत होता. गणपतीच्या आदल्या दिवशी दोन नंबरच्या साच्यावर एक्केचाळीस, बेचाळीस आणि त्रेचाळीस असे तीन पट्टे विणले गेले होते. फुग्यावर ते शेजारी शेजारी होते, डाव्या खुर्चीच्या अगदी वर. गणपतने ते तिन्ही दोन वेळा चाचपले. मालनच्या सांगण्यावरून तिसऱ्यांदा चाचपले. त्याचा अंगठा कुठेच थांबला नाही.

दहा वाजून पाच मिनिटांनी काम संपलं. एकवीस दोरे. एका जागी दोनपेक्षा जास्त कुठेच नाहीत. शंतनुने गणित दोनदा केलं आणि कागद अपेक्षा व अनिशला दाखवला. एवढ्याने काही बिघडत नाही. टांगलेल्या पट्ट्यात पाच एकत्र होत्या म्हणून तो गेला, इथे तसं नाही. परदेशी कंपनीचे दोन प्रतिनिधी हॉटेलवरून निघाले होते. आत बसायचं की नाही ते तुम्ही ठरवा, असं तो म्हणाला आणि ते त्याने मनापासून म्हटलं. अनिश हो म्हणाला. अपेक्षाने निळा सूट चढवायला घेतला.

मालन बाकावरून उठली.

"सर, त्या तीन पट्ट्यांत गाठ आहे."

"हंय काय नाय," गणपत म्हणाला. तो दमून स्टुलावर बसला होता. "तुका वाटता तू बांधलंस."

शंतनु ठाकूरद्वारचा, कारकुनांच्या घरातला. कुणावर आवाज चढवायची त्याला सवय नव्हती. तो म्हणाला, "मालनताई, बाबांचं बोट एकवीस ठिकाणी थांबलं. इथे तीन वेळा फिरून थांबलं नाही. घाबरलेल्या माणसाला नसलेलंही आठवतं. आणि मुलगी आत बसतेय, तेव्हा तुम्ही घाबरणारच."

"त्यांना सापडली नाही, म्हणूनच सांगते."

शंतनुला ते समजलं नाही. गणपतला समजलं असावं, कारण त्याने स्वतःचा अंगठा उलटा करून पाहिला.

अपेक्षाला समजलं. ती पाचवीत असताना तिच्या शाळेच्या स्कर्टला खिळ्याने हातभर चीर गेली होती. आईने रफू केलं. वर्गाच्या बाईंनी, मैत्रिणींनी, तिने स्वतः ती चीर शोधली होती. नखाने, उन्हात धरून, कापड उलटं करून. वर्षभरात सापडली नव्हती. सापडली नाही म्हणून चीर गेली नव्हतीच असं मात्र कुणी म्हणालं नव्हतं. तिने सूटची अर्धी लावलेली चेन खाली ओढली.

"सर, रिकामाच भरा."

शंतनुने घड्याळाकडे पाहिलं, मग दोरे लागलेल्या फुग्याकडे. प्रतिनिधींना काय सांगायचं ते मी बघतो, असं म्हणून तो फोन करायला बाहेर गेला. परत आल्यावर त्याने पांघरूण पुन्हा आवळायला सांगितलं.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी फुगा पूर्ण दाबाला पोचला. सगळे जाड काँक्रीटच्या भिंतीमागे होते. भिंतीवर दोन पडदे. एकावर फुगा बाहेरून, दुसऱ्यावर आतल्या दोन रिकाम्या खुर्च्या, कमरेचे पट्टे लावून ठेवलेल्या. अनिश दर दहा मिनिटांनी आकडा वाचायचा. प्रतिनिधी मागच्या खुर्च्यांवर बसून आपसात हळू बोलत होते. साडेबाराला चहा आला. एक वाजता शंतनुचा चेहरा थोडा सैल झाला. मालन डाव्या खुर्चीवरून नजर हलवत नव्हती. अपेक्षा तिच्या बाजूला उभी होती तरी मालनने दोनदा वळून ती तिथेच आहे ना ते पाहिलं. गाठ नसेल तर पोरीचं आयुष्य आपण आज नासवलं, असं तिच्या मनात येत होतं. आणि ती नसू दे, असं ती मनात म्हणत होती.

दोन तास अकरा मिनिटांनी आवाज आला. जाड वही टेबलावर पडावी तेवढाच.

अनिश आकडा वाचता वाचता थांबला. बाहेरच्या पडद्यावर फुग्याच्या डाव्या कुशीत पांघरुणाखाली उशीएवढा उंचवटा आला. शंतनुने हवा सोडायची कळ दाबली. दुसरा आवाज आला. उंचवटा माणसाएवढा झाला, पांघरुणाची दोरी तटतट उसवली आणि मग भिंत, जमीन, चहाचे कप सगळं एकदम हाललं. दुसरा पडदा पांढरा झाला. छपरावर काहीतरी आपटून खाली आलं. त्यानंतर बराच वेळ फक्त हवा सुटल्याचा आवाज येत होता. तोही बंद झाला.

धूळ बसायला वीस मिनिटं लागली. फुगा एका अंगाला बसला होता. कुशीतून बाहेर आलेली रबरी पिशवी फाटून लोंबत होती आणि भोकाच्या तोंडाशी डावी खुर्ची अडकलेली होती. तिचे चारही बोल्ट जमिनीतून उपटले गेले होते. तिचा कमरेचा पट्टा तसाच लावलेला होता. उजवी खुर्ची जागेवर होती.

अपेक्षाने खुर्चीला हात लावला आणि लगेच काढून घेतला. प्रतिनिधींपैकी एकाने फोटो काढला. शंतनुने त्याला थांबवलं नाही.

आधी तुटला तो पट्टा बेचाळीस नंबरचा. त्रेचाळीस नंतर गेला होता, त्याच्यावर आलेल्या भाराने. गणपत फाटलेल्या पिशवीवर गुडघे टेकून बसला. बेचाळीसचं टोक त्याने दोन्ही हातांत घेतलं. आता शोधायची गरज नव्हती. गाठी सरकून सुटल्या होत्या आणि सुटलेल्या तारांची टोकं बारीक वळून बाहेर आली होती. कातरलेली, सगळी एका मापाची. एकाखाली एक नाहीत, एकाआड एक, रफूत मारतात तशी. बोट त्यांच्यावरून साध्या विणीसारखंच सरकलं असतं.

"माका गावली नाय," तो म्हणाला. मग त्याने टोकं मोजली. तळहाताएवढ्या जागेत सात गाठी होत्या.

मालन त्याच्या मागे उभी होती. तिने पुन्हा मोजली. सातच होत्या. तिला एक आठवत होती. चारच्या सुमारास, तार तुटली, साचा थांबला, एवढंच. उरलेल्या सहा वेळा साचा थांबला होता का, तिने हात पुढे केला होता का, तेव्हा ती काय बोलत होती, कुणाशी, यातलं काहीच तिला आठवत नव्हतं. गिरणीत गणपतचे हात जे करायचे ते तिच्या हातांनी केलं होतं, आणि तिला सांगितलं नव्हतं.

शंतनु वही घेऊन आला. दोन नंबरच्या साच्यावरचे फुग्यात अजून तेवीस पट्टे होते. त्यांतल्या एकावरही लाल दोरा नव्हता. सकाळी ते सगळ्यात चांगले ठरले होते. त्याने वही मालनपुढे धरली, पण विचारलं अपेक्षाने, खुर्चीपासून न वळता.

"आई, किती?"

मालनने तोंड उघडलं. मग तिने हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसरा घट्ट धरून ठेवला.